डेक्सिलेओसची शिला, केरामेइकोस, अथेन्स: घोडा बघाच, पण खालच्या चार ओळी सोडू नका

अथेन्समधली सर्वांत देखणी स्मृतिशिला कोणती असं विचारलं, तर बहुतेक जाणकार हेगेसो नावाच्या स्त्रीच्या शिलेचं नाव घेतील आणि त्यात वावगं काही नाही. पण सर्वांत जास्त माहिती देणारी कोणती, या प्रश्नाचं उत्तर केरामेइकोस या प्राचीन दफनभूमीच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात उभं आहे: इ.स.पू. ३९४ च्या सुमारास मारला गेलेला तरुण घोडेस्वार डेक्सिलेओस याची संगमरवरी शिला. शिल्प उत्तम आहे. मात्र ती पाहण्यासारखी झाली आहे ती खालच्या चार ओळींच्या लेखामुळे, आणि नेमका तोच बहुतेक लोक न वाचता निघून जातात. घोड्याचा फोटो काढायचा, पुढच्या मडक्याकडे वळायचं, की झालं. त्यामुळे इथे शिल्पापेक्षा लेखाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी एक खुलासा, कारण गाडी इथेच घसरते. केरामेइकोसमध्ये डेक्सिलेओस दोनदा भेटतो. उत्खननाच्या मैदानात, ‘थडग्यांचा रस्ता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटेच्या कोपऱ्यावर, वक्र चौथऱ्यावर उभा आहे तो प्रतिकृतीतला. मूळ शिला वस्तुसंग्रहालयाच्या आत आहे. उन्हातान्हात प्रतिकृतीसमोर फोटो काढून ‘पाहिलं’ म्हणत परतणारे कमी नाहीत. हेगेसोचंही तसंच आहे: रस्त्यावर नक्कल आहे आणि अस्सल पॅटिशन रस्त्यावरच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. मैदानातली शिल्पं पाहताना अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती हे पहिल्यांदा विचारून घ्यावं.

तरीही सुरुवात प्रतिकृतीपासूनच करा. कारण जागा. ही शिला मुळात रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून पाहावी अशा बेताने उभी केली होती. कुटुंबाचा हा भूखंड अगदी कोपऱ्यावर येतो, म्हणून त्याचा दर्शनी चौथरा सरळ न बांधता वक्र बांधला. त्या वळणामुळे शहराच्या वेशीतून बाहेर पडणाऱ्याला घोडेस्वार लांबूनच दिसू लागे. अथेन्समधल्या कौटुंबिक दफनभूखंडांमध्ये इतकी मोक्याची जागा थोड्यांच्याच वाट्याला आली. भूखंडात डेक्सिलेओसच्या भावंडांच्याही शिला आहेत, बहीण मेलिट्टा हिचीही. त्यांच्यावर फक्त नावं आणि थोडी सजावट. घोडा, झुंज आणि जन्म-मृत्यूची वर्षं हा सगळा थाट एकट्या याच मुलासाठी.

मुलगा म्हटलं ते उगीच नाही. लेख असा आहे:

डेक्सिलेओस, लिसानियासचा, थोरिकोसचा.
जन्मला तेइसांद्रोस आर्खोन असताना,
मेला युबुलिदेसच्या वेळी,
कॉरिंथमध्ये, पाच घोडेस्वारांपैकी.

इतकंच. शोक नाही, स्तुती नाही, देवाचं नाव नाही, वाटसरूला हाक नाही. पहिली ओळ नेहमीच्या अथेनियन पद्धतीची आहे: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. थोरिकोस हे आत्तिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशाच्या, आग्नेय किनाऱ्यावरचं, लावरियोनच्या चांदीच्या खाणींजवळचं गाव. नागरिकाची ओळख या तीन गोष्टींनी पुरी होत असे आणि शेकडो शिलांवर तेवढंच असतं. विलक्षण आहे ती दुसरी ओळ. त्या काळच्या अथेन्समध्ये थडग्यावर जन्माचं वर्ष लिहीत नसत. मृत्यूचं वर्षसुद्धा क्वचितच. इथे दोन्ही आहेत, तेही अधिकाऱ्यांच्या नावांनिशी, म्हणजे कुणीही तपासून पाहावं अशा रीतीने.

वर्षांचा हिशेब लावताना थोडं जपून. अथेन्समध्ये वर्षाला आकडा नसे, त्या वर्षी जो मुख्य आर्खोन, म्हणजे शहराचा वर्षभराचा अधिकारी, असेल त्याचं नाव असे. आणि त्यांचं वर्ष उन्हाळ्यात, साधारण आपल्या जुलैत, सुरू होई. म्हणून तेइसांद्रोसचं वर्ष ‘इ.स.पू. ४१४/१३’ आणि युबुलिदेसचं ‘इ.स.पू. ३९४/९३’ असं तिरकी रेघ देऊन लिहितात. नुसतं ४१४ लिहून त्यातून ३९४ वजा केले की वीस येतात, पण खरं उत्तर एकोणीस ते एकवीसच्या मधलं काहीही असू शकतं. मार्गदर्शक मंडळी ठासून ‘वीस वर्षांचा’ सांगतात. ‘विशीच्या उंबरठ्यावरचा’ म्हटलं तर जास्त खरं होईल.

आता खरा प्रश्न. घरच्यांनी जन्माचं वर्ष का कोरलं? अभ्यासकांमध्ये सर्वाधिक मान्य असलेलं उत्तर राजकारणाचं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनीशियन युद्धात अथेन्स हरल्यावर इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठबळावर ‘तीस जुलमी’ सत्तेवर आले. त्यांनी नागरिकांना मारलं, मालमत्ता लुबाडल्या आणि या राजवटीला हाताशी होतं ते अथेन्सचं घोडदळ, म्हणजे घोडा पाळण्याची ऐपत असलेल्या घरांतली मुलं. ४०३ मध्ये लोकशाही परतली, माफीचा करार झाला, पण लोकांच्या मनातून घोडदळ उतरलं ते उतरलंच. ३९९ मध्ये स्पार्टाने आशिया मायनरच्या मोहिमेसाठी घोडेस्वार मागितले, तेव्हा अथेन्सने तिसांच्या काळात नोकरी केलेले ३०० स्वार पाठवून दिले. ते परदेशी खपले तर बरंच, असा त्यामागचा विचार होता, असं त्या काळचा इतिहासकार झेनोफोन स्वच्छ सांगतो. आणि तो स्वतः घोडदळातलाच माणूस होता, म्हणजे हे वाक्य लिहिताना त्याला काही गोड लागलं नसणार. त्याच दशकात मांतिथेओस नावाच्या एका तरुणाला पद मिळण्याआधीच्या चौकशीत ‘मी तिसांच्या घोडदळात नव्हतो’ असं सिद्ध करत बसावं लागलं. त्याच्यासाठी व्यावसायिक भाषणलेखक लिसियासने लिहून दिलेलं भाषण आजही उपलब्ध आहे.

हे डोक्यात ठेवून दुसरी ओळ पुन्हा वाचा. तिसांची राजवट आली तेव्हा डेक्सिलेओस नऊ-दहा वर्षांचा होता. जन्मवर्ष कोरून घरचे रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगताहेत: आमचा मुलगा घोडेस्वार होता खरा, पण त्या घोडेस्वारांतला नव्हता. दगडावर सफाईचं शपथपत्रच म्हणा ना. हे मत सिद्ध झालेलं नाही, कारण हेतू सांगणारी ओळ लेखात नाहीच. पण या भूखंडात सापडलेल्या मातीच्या लहान सुरयांपैकी एकीवर हार्मोदियोस आणि अरिस्तोगेइतोन यांच्या पुतळ्यांचं चित्र आहे. इ.स.पू. ५१४ मध्ये सत्ताधारी जुलमी घराण्यातल्या हिप्पार्खोसला मारणारे हे दोघे अथेन्सच्या लोकशाहीत जुलूमशाहीविरुद्धचे आदर्श मानले जात. म्हणजे घराण्याचा कल कुठे दाखवायचा होता याला आणखी एक दुजोरा मिळतो. ती सुरई आज बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे, त्यामुळे अथेन्सला कितीही शोधली तरी सापडणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत आणखी एक मेख आहे. ‘कॉरिंथमध्ये’ म्हणजे ३९४ च्या उन्हाळ्यात कॉरिंथ आणि सिक्योन यांच्या दरम्यान नेमेआ नदीजवळ झालेली मोठी लढाई, असं सहसा धरतात. स्पार्टाविरुद्ध अथेन्स, थीब्स, आर्गोस आणि कॉरिंथ अशी ती आघाडी होती. झेनोफोन अथेन्सचं बळ सुमारे ६,००० पायदळ आणि ६०० घोडदळ असं देतो. आघाडी हरली. इतिहासकार दिओदोरोसच्या आकड्यांनुसार आघाडीची २,८०० माणसं पडली, स्पार्टाच्या बाजूची १,१००. मेख अशी की नेमेआच्या लढाईतली घोडदळाची नेमकी कामगिरी कुठेच नीट सांगितलेली नाही, आणि ‘पाच घोडेस्वार’ कोण हे तर कोणीच सांगत नाही. लेख मात्र ‘त्या पाच जणांपैकी’ असं म्हणतो, जणू वाचणाऱ्याला ते माहीतच असणार. एखाद्या चकमकीत पाच स्वारांनी काही नाव काढलं असावं, किंवा पाच जण एकत्र मारले गेले असावेत. पाटी काय सांगते, मार्गदर्शक काय सांगतो याकडे लक्ष असू द्या: कोणी पाचांची नावं धडाधड सांगू लागला तर तो ठोकून देतोय एवढं समजावं.

कोडं आणखी गुंतागुंतीचं होतं ते राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. तिथे क्रमांक ७५४ ची शिला आहे: वर पाना-फुलांचा कोरीव मुकुट, खाली त्याच वर्षी पडलेल्या घोडेस्वारांची यादी. कॉरिंथला मेलेले अकरा, त्यांत घोडदळाचा एक तुकडीप्रमुख अंतिफानेस, आणि कोरोनेइआच्या दुसऱ्या लढाईत मेलेला एक. त्या अकरांत डेक्सिलेओसचं नाव आहे. एकीकडे अकरा, दुसरीकडे पाच. दोन्ही दगड खरे, दोन्ही त्याच काळातले, आणि दोघांचा मेळ घालायला तिसरा पुरावा नाही. या विषयात थोडीफार गती असलेल्या माणसाला एकाच दिवशी हे दोन दगड पाहण्यासारखं दुसरं सुख नाही, आणि अथेन्समध्ये ते अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत.

या यादीवरून आणखी एक गोष्ट कळते, जी पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही: डेक्सिलेओसचं शरीर या भूखंडात नाही. युद्धात पडलेल्यांना अथेन्स सरकारी खर्चाने पुरत असे. इतिहासकार थुकिदिदेसने त्याची रीत तपशिलाने दिली आहे: अस्थी परत आणायच्या, प्रत्येक टोळीसाठी, म्हणजे नागरिकांच्या दहा गटांपैकी प्रत्येकासाठी, सायप्रेस झाडाच्या लाकडाची एक अशा दहा पेट्या, आणि न सापडलेल्यांसाठी एक रिकामी तिरडी. मग वेशीबाहेरच्या सार्वजनिक दफनभूमीत पुरायचं. डेक्सिलेओसच्या गावाची टोळी अकामांतिस, तेव्हा त्याची हाडं सापडली असलीच तर त्या पेटीत गेली असणार. घरच्यांच्या वाट्याला उरली ती फक्त आठवण, आणि ती त्यांनी नाक्यावर उभी केली. म्हणून ही शिला थडगं नव्हे, रिकाम्या जागेवरचं स्मारक आहे. ‘कबर’ हा शब्द माहितीपत्रकांत सर्रास वापरतात तो सैल अर्थाने घ्यावा.

आता शिल्प. उंची सुमारे पावणेदोन मीटर, दगड अथेन्सजवळच्या पेंतेलिकोन डोंगराचा संगमरवर, वर उतरत्या छपरासारखी बुटकी शिखरपट्टी. मागे उडणारा झगा, पुढचे पाय उचललेला घोडा, आणि त्याच्या छातीखाली कोसळलेला, अंगावर कपडा नसलेला शत्रू. नागडेपणावरून तो स्पार्टाचा की कुणाचा हे ठरवता येत नाही, कारण युद्धशिल्पात शरीर उघडं दाखवायची ती त्या काळची रीतच होती. स्वाराच्या पायांना रिकीब नाही, घोड्यावर खोगीर नाही. दोन्ही गोष्टी त्या काळी ग्रीसमध्ये नव्हत्या, मांड्यांच्या पकडीवर बसायचं आणि वरून भाला खुपसायचा.

जवळ जा आणि उजवा हात पाहा. मूठ आवळलेली आहे आणि मुठीत काही नाही. भाला ब्राँझचा होता, वेगळा घडवून बसवलेला, तो केव्हाच गेला. घोड्याच्या तोंडापाशी आणि मानेवर लहान भोकं दिसतात, लगाम आणि वादी तिथे अडकवली होती, तीही ब्राँझचीच. हे धातूचे भाग निघून गेल्यामुळे चित्राचा अर्थच बदलला आहे. आज पाहणाऱ्याला स्वार हात उंचावून काहीतरी सांगतोय असं वाटतं. भाल्याची रेघ मनात ओढून पाहा, मुठीतून तिरकी खाली, शत्रूच्या दिशेने, आणि मग लक्षात येतं की घाव अजून बसायचा आहे. शिल्पकाराने क्षण निवडला आहे तो घावाच्या आधीचा. रंगही होता, जो आता उरलेला नाही. एकट्या पांढऱ्या दगडावरून या शिल्पाची पारख करणं म्हणजे अर्धंच चित्र पाहणं.

इथे मराठी माणसाला वीरगळ आठवल्याशिवाय राहत नाही. पण फरक मोठा आहे. वीरगळावर खालच्या चौकटीत लढता लढता पडलेला वीर असतो आणि वर वर जाताना त्याला अप्सरा नेतात, शेवटी तो शिवलिंगाजवळ पोचतो. मृत्यू आणि त्याचं फळ दोन्ही दाखवलेलं असतं, लेख मात्र बहुतेक वेळा नसतोच. डेक्सिलेओसच्या शिलेवर नेमकं उलट: चित्रात तो जिंकतोय, मरण फक्त लेखात आहे, आणि पुढच्या जगाबद्दल चकार शब्द नाही. ‘वीर कसा मेला ते शिल्पात दाखवलंय’ असं या शिलेबद्दल कुणी लिहिलं असेल तर ते साफ चूक आहे.

लेख स्वतः वाचायचा असेल तर हे अवघड नाही, थोडी तयारी लागते. तो शिल्पाच्या खालच्या पट्टीवर आहे, चार ओळी, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. डावीकडे पहिल्या ओळीच्या सुरुवातीला त्रिकोण दिसेल, तो डेल्टा. तिथून तिसरं अक्षर तीन आडव्या रेघांचं, ते ‘क्स’. सातवं ओमेगा. ही दोन अक्षरं अथेन्सच्या जुन्या लिपीत नव्हती. इ.स.पू. ४०३/२ मध्ये अथेन्सने आयोनियन लिपी सरकारी वापरासाठी स्वीकारली आणि ती तिथून आली. पण लिपी नवी आली तरी शुद्धलेखनाची सवय जुनीच राहिली: ‘लिसानिऊ’, ‘तेइसांद्रू’ असा षष्ठीचा शेवट दोन अक्षरांत लिहायच्या जागी कारागिराने एकच ‘ओ’ कोरला आहे, ‘युबुलिदेस’मध्येही दोन्ही ठिकाणी तेच. दहाएक वर्षांपूर्वी लिपी बदललेल्या शहरात असा दगड मिळणं अगदी स्वाभाविक आहे, आणि काळ ठरवायला याचा उपयोग होतो. फक्त अक्षरांवरून काळ ठरवताना पंचवीस-तीस वर्षांची ढील ठेवावी लागते. इथे आर्खोनांची नावं असल्याने ती गरज नाही, उलट इतर दगडांचा काळ ठरवायला हाच दगड मोजपट्टी म्हणून वापरतात. ग्रीक शिल्पकलेच्या इतिहासात नेमकी तारीख असलेली शिल्पं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे कपड्यांच्या चुण्या, घोड्याची ठेवण यावरून इतर शिलांचा काळ ठरवताना अभ्यासक परत परत इथेच येतात.

अक्षरं उथळ आहेत. समोरून सपाट प्रकाश पडला की ती दगडात विरून जातात. कडेने पाहा, गुडघे टेकून पाहा, उजेड एका बाजूने येईल अशा कोनात उभे राहा. फोटोही त्याच कोनातून घ्या. फ्लॅश चालत नाही, आणि चालला असता तरी तो अक्षरांची सावली खाऊन टाकतो, त्यामुळे नुकसान आपलंच. ट्रायपॉडसाठी आधी लेखी परवानगी लागते. मोबाइलचा टॉर्च कडेने धरायचा मोह होतो, पण आधी रखवालदाराला विचारा. हात लावणं तर सोडाच. लेखाचं लिप्यंतर आणि भाषांतर घरूनच एका कागदावर उतरवून न्या. मूळ ओळी समोर ठेवून बोटाने हवेत अक्षरं फिरवली की ती एकेक सुटी होऊ लागतात.

वस्तुसंग्रहालयाबद्दल. १९३७ मध्ये जर्मन-अमेरिकन उद्योजक गुस्ताव ओबरलेंडर यांच्या देणगीतून ते बांधलं गेलं. एका चौकाभोवती चार दालनं, एवढाच पसारा. शिल्पं पहिल्या दालनात, पुढची दालनं मुख्यतः मडकी आणि कबरींतल्या वस्तूंची. घाई केली तर वीस मिनिटांत बाहेर पडाल, आणि घाई करणं चूक ठरेल. डेक्सिलेओसला पंधरा-वीस मिनिटं एकट्याला द्यावी. त्याच इमारतीत अंफारेतेची शिला आहे, मांडीवर नातवंड घेतलेली आजी, दोघंही मेलेली, आणि लेखात ते सांगितलेलं आहे. अंफारेते आणि डेक्सिलेओस असे पाठोपाठ वाचले तर लक्षात येतं की लेख किती वेगवेगळी कामं करतो: एक जिव्हाळ्याने बोलतो, दुसरा कागदोपत्री.

मैदानात २००२ मध्ये सापडलेला कुरोस, म्हणजे उभ्या नग्न तरुणाचा पुतळा, सुमारे इ.स.पू. ६०० चा, हाही संग्रहालयातच आहे, तो वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या लेखनाचा विषय.

नापसंतीची बाजू सांगितली पाहिजे. एकाच मुलाच्या आठवणीच्या खुणा आज चार ठिकाणी विखुरल्या आहेत: मूळ शिला संग्रहालयात, जागा आणि प्रतिकृती मैदानात, नावांची यादी राष्ट्रीय संग्रहालयात, मातीची सुरई अमेरिकेत. याला आजच्या व्यवस्थापकांचा दोष नाही, एकोणिसाव्या शतकात जे सापडलं ते ज्याच्या-त्याच्या हाताने गेलं. शिला १८६३ मध्ये सापडली, त्या वेळी सगळा भूखंड एकत्र नोंदवून ठेवण्याची शिस्त आजच्यासारखी नव्हती. पण पाहणाऱ्याने ते सगळं जोडून घेतल्याशिवाय ही शिला निम्मीच कळते. दुसरी नाराजी मूळ शिला उभी आहे त्या उंचीबद्दल. दालनात ती डोळ्यांच्या पातळीत येते, म्हणून लेख वाचता येतो हे चांगलं, पण खालून वर पाहतानाचा स्वाराचा दरारा जातो. दोन्ही एकत्र कुठेच मिळत नाही. म्हणूनच वर म्हटलं की आधी रस्त्यावरची प्रतिकृती, मग आतली मूळ शिला. क्रम उलटा केला तर प्रतिकृतीपुढे उभं राहिल्यावर काहीच वाटत नाही.

कसं जायचं ते सोपं आहे. पत्ता एर्मू १४८. मेट्रोच्या ‘केरामेइकोस’ नावाच्या स्थानकावर उतरून चालत यायला लोक जातात, कारण नाव तेच, पण प्रवेशद्वार एर्मूच्या बाजूला असल्याने थिसिओ स्थानक जास्त सोयीचं पडतं, मोनास्तिराकीहून चालत आलात तरी हरकत नाही. तिकीट मैदानाचं आणि संग्रहालयाचं एकच. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, निघण्याआधी ग्रीक सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबू नका. मैदानात सावली नाही म्हटली तरी चालेल. उन्हाळ्यात सकाळी उघडताच आत शिरा, मैदान आधी आटोपा, मग दुपारी संग्रहालयात. जमीन ओबडधोबड आहे, सपाट तळव्याचे बूट घाला. एरिदानोसच्या ओढ्याकाठी कासवं फिरत असतात, पायाखाली बघून चाला.

मैदानात असताना थडग्यांचा रस्ता एवढ्यावर थांबू नका. दिपिलोन वेशीबाहेरच्या रुंद रस्त्याच्या कडेला स्पार्टन सैनिकांचं सामुदायिक थडगं आहे, सुमारे ११ मीटर लांबीचं. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्सच्या पिरेयस बंदरात लोकशाहीवाद्यांशी लढताना मारले गेलेले हे स्पार्टन. झेनोफोन त्यांतल्या खैरोन आणि थिब्राखोस या सेनाधिकाऱ्यांची आणि ऑलिम्पिक विजेत्या लाक्रातेसची नावं देतो. १९३० मध्ये त्या थडग्याच्या लेखाचा दगड सापडला तेव्हा त्यावर खैरोन आणि थिब्राकोस ही नावं स्पार्टाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे कोरलेली निघाली. लिखित इतिहास आणि जमिनीतला दगड इतके तंतोतंत जुळण्याची उदाहरणं फार थोडी. आणि डेक्सिलेओसचं कुटुंब ज्यांच्यापासून नातं तोडू पाहत होतं त्या राजवटीला पाठबळ देणाऱ्या स्पार्टाचे हे सैनिक, त्याच्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर. केरामेइकोसच्याच एका विहिरीत शिशाच्या पाचशेहून अधिक बारीक पट्ट्या सापडल्या, त्यांवर घोडदळातल्या घोड्यांचे मालक, रंग, डागून उठवलेली खूण आणि द्राख्मा या नाण्यांत किंमत नोंदलेली आहे, कमाल किंमत १,२०० द्राख्मा. त्या पट्ट्या डेक्सिलेओसनंतरच्या आहेत, त्यामुळे त्याच्या घोड्याची किंमत त्यांतून काढायला जाऊ नका.

राष्ट्रीय संग्रहालयाचा फेरा त्याच दिवशी करणं जमतं. व्हिक्टोरिया किंवा ओमोनिया स्थानकावरून पॅटिशन ४४ ला चालत जाता येतं. ७५४ क्रमांकाची यादी शोधायच्या आधी आर्केइक, म्हणजे त्याआधीच्या काळातल्या शिल्पांच्या, दालनात दोन गोष्टी पाहून घ्या, म्हणजे डेक्सिलेओसच्या कोरडेपणाची खरी किंमत कळते. एक, अरिस्तियोनची शिला, सुमारे इ.स.पू. ५१०, क्रमांक २९: चिलखतधारी योद्धा, लेख म्हणून फक्त त्याचं नाव आणि ‘अरिस्तोक्लेसचं काम’ अशी शिल्पकाराची सही, आणि रंगाचे अंश अजून टिकून. दुसरा, अनाविसोसचा कुरोस, क्रमांक ३८५१, सुमारे ५३०: त्याच्या पायाच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या दगडावर पद्य आहे, ‘थांब आणि शोक कर, मेलेल्या क्रोइसोसच्या स्मारकापाशी, ज्याला आघाडीवर लढताना संतापलेल्या आरेसने संपवलं’ (आरेस म्हणजे युद्धदेव). पायाचा दगड त्याच पुतळ्याचा हे सर्वांना मान्य नाही. पण शैली पाहा: पद्य, देव, वाटसरूला हाक, आणि वर्षाचा मागमूस नाही. सुमारे दीडशे वर्षांनी डेक्सिलेओसच्या लेखात नेमकं हे सगळं गाळलेलं आहे आणि नेमकं जे तिथे नव्हतं ते घातलेलं आहे.

वेळ उरला आणि दगडावरची अक्षरंच जास्त आवडू लागली असतील तर शेजारचं शिलालेख संग्रहालय, तोसित्सा १, चुकवू नका. इमारत तीच असली तरी दरवाजा वेगळा आहे, कोपरा वळून बाजूच्या रस्त्यावरून आत जायचं. तिथे गर्दी नसते, पण लेख वाचायची सवय नसलेल्याला पंधरा मिनिटांत कंटाळा येईल, सोबतच्यांना आधी सांगून ठेवा.